सुलभाबाईंच्या करंगळीची शाई

कानाशी लागून सांगितली गेलेली बातमी अशी होती: सुलभाबाई पर्समध्ये अमेरिकन पासपोर्ट ठेवून गुपचूप महाराष्ट्रात गेल्या आणि विधानसभेला मतदान करून आल्या. चक्क चोरून. खोटं वाटत असेल तर बोट बघा, शाई अजून गेली नाही!

मला ती नेत्राने ऐकवली, आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये, भोगीच्या भाजीच्या रांगेत. "काका, ऐका, पण माझं नाव घेऊ नका हं." आता अशी सुरुवात झालेली गोष्ट मी जन्मात कधी अर्धवट सोडलेली नाही. चुगलीची मला गोडी आहे, लपवत नाही. पण चुगलीलाही चव लागते हो. ही आंबलेली होती.

पलीकडे टेबलाशी सुलभाबाई तिळगूळ वाटत होत्या. डाव्या करंगळीच्या नखावर काळा-जांभळा डाग. नेत्राने त्यांच्याच हातचा लाडू घेतला, "गोड गोड बोला, बाई" असं स्वतःच म्हणाली आणि माझ्याजवळ येऊन लाडू चघळत चघळत बाईंना गुन्हेगार ठरवलं. तिळाचा एक कण तिच्या ओठाला चिकटला होता. तो मला अजून दिसतो आणि अजून किळस येते.

बाई सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, बॉयकट केलेल्या. हायवेवर त्यांची गाडी दिसली की शहाणी माणसं लेन बदलतात. शुगर लँडमधली मराठी शाळा त्यांनी काढली आणि दर रविवारी त्याच चालवत आल्या. नवरा नरेंद्र गेल्यावर लेक त्यांना इकडे घेऊन आली. पण लेक ह्यूस्टनला डॉक्टर, तिला जेवायला फुरसत नाही. तेव्हा बाईंना शाळा आणि शाळेला बाई. त्याआधी त्या कुठे होत्या? "आफ्रिकेत कुठेतरी." मंडळाला एवढंच ठाऊक. आपल्या लोकांच्या नकाशावर आफ्रिका हा एकच देश आहे आणि त्यात सिंह राहतात.

आठवड्याभरात मंडळाच्या ग्रुपवर गद्दारी, फ्रॉड, मुलांवर संस्कार असे शब्द फिरायला लागले. अध्यक्ष यतीन, म्हणजे नेत्राचा नवरा, त्याने रविवारी सभा लावली. विषय एकच: शाळा बाईंकडे ठेवायची की काढून घ्यायची. हा यतीन अध्यक्ष कसा झाला तेही सांगून टाकतो. ऑनलाइन मतदान झालं, मतं त्याच्याच किचनमध्ये नेत्राने मोजली आणि समोरच्या उमेदवाराची निम्मी मतं "टेक्निकल इश्यू"मध्ये गेली. असा माणूस लोकशाहीच्या पावित्र्यावर बोलणार होता.

शनिवारी मी बाईंकडे गेलो. चहा पुढे आला तसं सरळ विचारलं, "काय हो बाई, करंगळी कुठे रंगवून आलात?"

"अरे वा! विचारणारे तुम्ही पहिलेच," त्या हसल्या. "बाकीच्यांना काय झालं होतं?"

"विचारलं की मजा जाते ना, बाई."

मग त्यांनी सांगितलं. नरेंद्र आणि त्या ऐन तिशीत घानाला गेले. कुमासी शहरात दोघांनी शाळा चालवली, तिथलंच नागरिकत्व घेतलं. घर अजून आहे. डिसेंबरात तिथे राष्ट्राध्यक्ष आणि संसद, दोन्हींची निवडणूक होती. परदेशातून मत देता येत नाही, म्हणून बाई विमानात बसल्या.

"पहाटे गेले तर माझ्याआधी रांगेत दगड उभे," त्या म्हणाल्या. "लोक आपापला दगड ठेवून घरी आंघोळीला जातात. कोणी दुसऱ्याचा दगड हलवत नाही. मीही ठेवला. दोन मतपत्रिका, दोन्हींवर अंगठ्याचा ठसा, मग करंगळीला शाई. संध्याकाळी तिथेच झाडाखाली मोजणी. एकेक कागद वर धरून दाखवायचा आणि अख्ख्या गल्लीने ओरडून आकडा म्हणायचा. घसा बसला माझा!"

"कोणी ओळखीचा होता की नाही उभा?"

"होता ना. संसदेला माझाच विद्यार्थी उभा होता."

"मग काय, मत त्यालाच!"

"छे! वर्गात कॉपी करायचा."

"हे उद्या सभेत सांगा बाई, शाळा वाचेल."

"शाई कुठली असं विचारलं तर सांगेन. पासपोर्ट मागितला तर नाही दाखवणार."

सभेत यतीनने अर्थातच पासपोर्ट मागितला. "मावशी, पर्सनली घेऊ नका. फक्त दाखवा, विषय क्लोज करू."

"माझा पासपोर्ट बघून पोरांना जोडाक्षरं येणार आहेत का?"

मला राहवेना. "अरे यतीन," मी म्हटलं, "तू पुण्यात मत दिलं असशील ना कधी? शाई कुठल्या बोटाला लावली होती? तर्जनीला! ही करंगळी आहे, दिसत नाही? बाई घानाला मत देऊन आल्या. त्या तिथल्या नागरिक आहेत."

मग नेत्रा केवढ्या मोकळेपणाने म्हणाली, "ओह, आफ्रिकेत? मग काय यार, आम्हाला उगाच टेन्शन!" जणू तिकडच्या मताला मत म्हणतच नाहीत.

मला वाटलं, सुटलो. पण यतीनच्या कपाळावर नवी आठी आली होती. "एक मिनिट. म्हणजे मावशी, तुम्ही इंडियन सिटिझन नाही?"

"नाही."

"अमेरिकन?"

"नाही. ग्रीन कार्ड आहे."

"मग मराठी शाळेची हेड... घानाची? पेरेंट्सना कसं वाटेल हे?"

खोलीतल्या बहुतेकांकडे अमेरिकन पासपोर्ट होता. त्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. भारतीय असल्याची त्यांना अचानक आठवण झाली. बटाटेवड्याची प्लेट मी तशीच खाली ठेवली, आणि मी वडा टाकणाऱ्यातला माणूस नाही.

बाई उठल्या. "मत घ्यायचंय ना? घ्या. पण इथेच, हात वर करून, आणि मोजा मोठ्याने."

"नको नको, ऑकवर्ड होईल," यतीन म्हणाला. "ग्रुपवर पोल टाकतो. कॉन्फिडेन्शियल. नेत्रा काउंट करेल."

नेत्राने काउंट केलं. बाई हरल्या. कितीने, ते अजून कोणाला सांगितलेलं नाही; मी विचारलं तर म्हणाली, "काका, प्रायव्हसी असते." बाईंनी हॉलची किल्ली टेबलावर ठेवली, उरलेले खडू मात्र घरी नेले. नव्या कमिटीने शाळेसाठी लोगो केला, टी-शर्ट छापले. होळीपर्यंत शिकवायला कोणी मिळालं नाही आणि शाळा बंद पडली. नेत्रा आता सांगत फिरते की बाईंनीच मुलांना वाऱ्यावर सोडलं.

सुलभाबाईंनी महाराष्ट्रात मतदान केलं नव्हतं. त्या घानाच्या नागरिक आहेत. त्यांनी सात डिसेंबरला कुमासीत मतदान केलं. शाई तिथली होती.