भीमेवरची पाळत

माझा थोरला भाऊ भीमेत बुडाला. लहानपणापासून आम्ही जिथून चालत नदी ओलांडायचो, तिथंच. गुडघाभर पाणी असायचं. वाळूवाल्यांनी तळ उपसून तिथं डोह केला होता. धंदा गावातल्याच एका पुढाऱ्याचा. सगळे त्याला आबा म्हणत. दहाव्याला घाटावर येऊन तो आईला म्हणाला, "नदी हाय, माणसं घ्यायचीच ती." आईनं मान खाली घातली. मी नाही घातली.

तक्रारी करून पाहिल्या. तहसीलचं पथक दौंडातून निघालं की फाट्यावरची त्याची माणसं फोन करत आणि वाळू उपसणाऱ्या बोटी पलीकडच्या, शिरूर तालुक्याच्या काठाला जात. तिकडून कुणी आलं की पुन्हा इकडं.

मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत होतो. तिथं उन्हावर चालणारं, वैमानिक नसलेलं विमान बनत होतं. लांबलचक पंख, त्यांवर सोलर पॅनेल. दिवसा उन्हावर चढायचं, रात्री बॅटरीवर तरंगायचं, कित्येक दिवस उतरायचंच नाही. इतक्या उंचावर, की खालून दिसायचं नाही आणि ऐकूही यायचं नाही.

सरकारला नदीपात्रावर नजर हवी होती. चाचणीला कुठला पट्टा घ्यायचा, असं साहेबांनी विचारलं. मी नकाशात आमच्या वळणावर बोट ठेवलं.

"इथंच का?"

"इथं दोन तालुक्यांची हद्द आहे, सर."

खोटं काही नव्हतं त्यात.

चित्रं यायला लागली तशी माझी तहानभूक गेली. बोटी, ट्रॅक्टर, आबाच्या उसाआड लपवलेले वाळूचे ढीग, सगळं दिसत होतं. बोटी काठ बदलत होत्या आणि विमान वर निवांत घिरट्या घालत होतं.

चित्रं सरकारकडं गेली. एका सकाळी दोन्ही काठांवर एकाच वेळी पथकं उतरली. गावातून फोन येताच मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा पथकातली माणसं जिलेटिनच्या कांड्या लावून बोटी उडवत होती. जीपमध्ये चढता चढता आबानं मला पाहिलं.

"तू सांगितलंस व्हय रं?"

"मी कशाला सांगू, आबा? तुमचं सगळं वरनं दिसत हुतं."

त्यानं वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. तेव्हाचा त्याचा चेहरा मी अजून मुद्दाम आठवतो.

तो जामिनावर सुटला, तेव्हा आईनं विचारलं, "आता तरी मन निवलं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

पावसाळ्यानंतरच्या चाचणीसाठी मी पुन्हा तोच पट्टा मागितलाय.