खाटेवरून सातपुड्याला

ताईबाईंचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि डावा पाय जागा होता. डोळा उघडल्यापासून त्या पायाची बोटं चादरीखाली जी हलायला लागत, ती झोप लागेपर्यंत थांबत नसत. खाट कुरकुरायची. बाहेरच्या खोलीतून रामभाऊ ओरडायचे, "अगं, खाट मोडंल!"

"मोडू द्या," ताईबाई आतून म्हणायच्या. "मोडली म्हंजे मला उठवावं तरी लागंल तुमाला."

बसून राहणं हा प्रकार या बाईला जन्मात जमला नव्हता. नर्स होती. निरवांगीच्या उपकेंद्रावर, मग डाळजला, मग आणखी कुठं कुठं, सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या मातीत पाय मळवून झाली. उसाच्या फडात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एकदा तर चालत्या एसटीत, कंडक्टरला पाठमोरा उभा करून तिनं बाळंतपणं केली. घरी यायची ती पाहुण्यासारखी. बारामतीतलं घर चालवलं रामभाऊंनी. पाटबंधारे खात्यात कारकून होते, वेळेवर जात, वेळेवर येत. मुलाच्या, सुमितच्या डब्यात भाकरी त्यांनीच बांधली, त्याचा अभ्यास त्यांनीच घेतला. लोक हसायचे. हसू देत. माणूस चांगला होता, फक्त एक खोड होती. खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरच्या बोर्डाची झाडून सगळी बटणं बंद केल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

ताईबाई निवृत्त झाल्या तेव्हा रामभाऊंनी ओसरीत झोपाळा लावला. सागवानी फळी, पितळी कड्या, दोघांना ऐसपैस पुरेल असा. ताईबाई त्यावर बसल्या एकदाच, फोटोपुरत्या. नंतर त्यांनी काय करावं? स्कूटी शिकायला घेतली. आणि भिगवण रस्त्यावर एका स्पीडब्रेकरवरून उडून पडल्या. चूक स्पीडब्रेकरची नव्हती.

हे झालं २००७ साली. पण पाय मोडायच्या आधीच ताईबाईंनी दुसरा एक उद्योग करून ठेवला होता आणि तो घरात एकट्या सुनेला, अंजलीला ठाऊक होता. पेपरात चार ओळींची जाहिरात आली होती. सातपुड्यात, धडगावच्याही पलीकडे, एका डॉक्टर जोडप्यानं लहानसा दवाखाना काढला होता. त्यांना बाळंतपणाची अनुभवी नर्स हवी होती. वयाची अट नव्हती. ताईबाईंनी अर्ज लिहिला आणि अंजलीनं तो आपल्या कॉलेजातून ईमेलनं पाठवला. अंजली तिथं कॉम्प्युटर शिकवायची. सुमित नोकरीला पुण्यात, ही सासू-सासऱ्यांजवळ बारामतीत, आणि सासू-सुनेचं गूळपीठ असं की शेजारपाजारचे संशयानं बघायचे.

उत्तर आलं ते प्लास्टर घातल्यावर. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की इथं मोबाइलला रेंज नाही, छपरावरच्या तबकडीतून तेवढं इंटरनेट येतं, तेही दुपारी बारापर्यंतच. गुरुवारी अकरा वाजता तुम्ही चॅटवर या, आपण लिहून बोलू. बाकीच्या दोघीतिघींशी बोलून झालंय, त्याच दिवशी ठरवून टाकू.

आता गंमत बघा. घरात कॉम्प्युटर होता, टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं, पण ते बाहेरच्या खोलीत. तिथं रामभाऊ दिवसभर कॉम्प्युटरवरच पत्त्यांचा डाव मांडून बसलेले. पडद्यावर उमटलेलं काहीही ते मोठ्यानं वाचत, जाहिरातीसुद्धा. ताईबाई आतल्या खोलीत खाटेवर. आणि रामभाऊंना हे कळलं की संपलं. त्यांचं उत्तर ताईबाईंना पाठ होतं.

"आई, एक करता येईल," अंजली म्हणाली आणि पर्समधून तळहाताएवढी काळी डबी काढली. तिचा तो ऑर्गनायझर. सुमितच्या साहेबानं नवा घेतला, जुना सुमितला दिला, सुमितनं बायकोला. त्यात पत्ते, तारखा, गजर आणि लिहायला दाभणासारखी एक काडी.

"ह्यात इंटरनेट हाय?"

"स्वतःचं नाही. पण ब्लूटूथ आहे. कॉम्प्युटरनं आपलं इंटरनेट ह्याला द्यायचं. मध्ये तार नाही."

"आन् तो देतोय व्हय?"

"दोघांची ओळख करून द्यावी लागते."

रामभाऊ संध्याकाळी विहारात गेले की दोघी कामाला लागत. अंजलीनं कॉम्प्युटरच्या पाठीमागे नखाएवढा ब्लूटूथचा खडा खोचला. दोन्ही यंत्रांनी एकमेकांचं नाव विचारलं आणि दोघांत एकच आकडा टाका म्हणाली. अंजलीनं १९५६ टाकला, धम्मदीक्षेचं साल. त्या घरात सुटकेसपासून बँकेच्या कार्डापर्यंत सगळीकडे तोच आकडा होता, आणि हे गल्लीतल्या कुठल्याही चोराला सांगता आलं असतं.

ओळख झाली. पण डबीत पान काही उघडेना.

"सोयरीक झाली, पन जेवायला कोन बोलवंना," ताईबाई म्हणाल्या. त्यांची बोटं चादरीखाली धावत होती. "लवकर बघ गं, येतील आता ते."

कॉम्प्युटरमध्ये इंटरनेट वाटून द्यायची परवानगीच दिलेली नव्हती. अंजलीनं ती दिली, डबीत काडी टेकवली, आणि पान वरून खाली, पडदा सोडावा तसं उतरायला लागलं. ती ते दाखवायला आत धावली, तर खाटेपाशी येईतो बंद. परत दारात गेली, चालू. खाटेपाशी आली, बंद. तीनदा झालं तेव्हा ताईबाईंनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीला लागून ज्वारीच्या आणि गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या उभ्या होत्या, ताईबाईंच्या उंचीच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या.

"ह्या आडव्या येत्यात. माजा ट्रान्झिस्टरबी ह्यांच्या मागं खरखरतो."

कोठ्या हलवायच्या म्हणजे चार माणसं हवीत. खाट हलवायला दोन पुरतात. दुसऱ्या दिवशी ताईबाईंना एकाएकी उकडायला लागलं, पंख्याचा वारा लागेना. रामभाऊंनी शेजारच्या दादासाहेबांना हाक मारली आणि दोघांनी खाट फिरवून दारासमोर आणली. आता ताईबाईंना पडल्या पडल्या बाहेरची खोली दिसायला लागली. कॉम्प्युटरचा पडदा, भिंतीवरचा बोर्ड, रामभाऊंचं टक्कल.

"आला का वारा?" रामभाऊंनी घाम पुसत विचारलं.

"आला," ताईबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरतं त्यांना वाईट वाटलं.

गुरुवारी अंजलीला कॉलेज होतं. निघताना तिनं कॉम्प्युटर सुरू केला आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुमचा डाव लावून ठेवलाय. आज मशीन बंद नका करू हं, त्याचं काहीतरी काम चाललंय."

"काम करतंय तर करू दे," रामभाऊ म्हणाले. लक्ष पत्त्यांत होतं. ऐकलं असेल असं समजून अंजली गेली. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसांना वाटतं की सांगितलं म्हणजे नोंद झाली.

अकराला डबीवर अक्षरं उमटली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. डॉक्टरीणबाईंनी नमस्कार केला. ताईबाईंनी एकेक अक्षर काडीनं टोचत उलट नमस्कार केला. अनुभव विचारला, सांगितला. रात्रीबेरात्री डोंगर चढावा लागतो, जमेल का? ताईबाईंनी लिहिलं, पाय मोडलाय, पण प्लास्टर निघालं की चढेन. पलीकडे बराच वेळ काही उमटलं नाही. खरं सांगायला नको होतं की काय? मग प्रश्न आला. मूल पायाळू आहे, डॉक्टर जागेवर नाही, तुम्ही काय कराल?

ताईबाईंनी काडी सरसावली. 'आधी मी' एवढंच लिहून झालं आणि डबीनं सांगितलं, संबंध तुटला.

त्यांनी वर पाहिलं. बाहेर कॉम्प्युटर काळा. पंखा गरगरत थांबायच्या बेतात. रामभाऊ पायात चपला, हातात पिशवी आणि बोट बोर्डावर.

"काय बंद केलं? काय बंद केलं तुमी?"

"सगळं. दळन आनायला चाललोय. खोलीत कोन न्हाय, मीटर कशाला पळवायचं?"

"मी हाय की!"

"तू आत हायस."

"अहो, त्या कॉम्प्युटरातनं माजं बोलनं चाललंय!"

रामभाऊंनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग मधल्या मोकळ्या फरशीकडे, जिथं तार असायला हवी होती. "कुनासंगं?"

"दवाखान्यासंगं. सातपुड्यातल्या. नोकरीला चाललीय मी तितं. आता लावा ते आधी! भांडन मागनं करू."

पिशवी हातात तशीच ठेवून रामभाऊंनी बटणं दाबली. पंखा हलला, कॉम्प्युटरनं घुर्र केलं. पण त्या काळचं मशीन ते, उठायला म्हाताऱ्या माणसाइतका वेळ घ्यायचं. तेवढ्या वेळात भांडण मागं कसं राहणार?

"कवा ठरलं हे?"

"पाय मोडायच्या आधी. मोडेमचे दिवे बघा."

"दोन लागल्यात. मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी काय म्हनला असता?"

"न्हाय म्हनलो असतो!"

"मग!"

"मग काय मग? सुमितला कांजन्या आल्या तवा तू डाळजला. माजी आई गेली तवा तू निरवांगीला. येक शबूद बोललो न्हाय मी. म्हनलं रिटायर व्हईल, बसंल. झोपाळा केला..." रामभाऊंनी पिशवी ओसरीकडे झटकली. "मी लगीन कुनाशी केलं, एसटीशी?"

"एसटीशीच केलं! मग आता का स्टँडात उभी करून ठिवताय? गंजंल ती." ताईबाई उठून बसायला गेल्या, कळ आली, परत पडल्या. "तुमाला बसाय आवडतं, तुमी बसता. मला बसलं की आंगाला मुंग्या येत्यात. मी काय तुमच्यावर रागावून चाललीय का? तिसरा लागला?"

"लागला. चवथा लुकलुकतोय."

चौथा दिवा लुकलुकत राहिला. घड्याळ त्या खोलीत कुणालाच बघायचं नव्हतं. तेवढ्यात भांडी घासून झालेली साखरबाई पदराला हात पुसत आली आणि सवयीनं तिचा हात बोर्डाकडे गेला. तिलाही या घरात तीच शिस्त लागलेली. "काका, बंद करू का?"

"हात लावू नगंस!" रामभाऊ एवढ्या जोरात ओरडले की साखरबाई दोन पावलं मागे गेली आणि आल्या दारानं निघून गेली.

"लागला," रामभाऊ म्हणाले. "चवथा लागला."

ताईबाईंनी काडी टेकवली. ओळख जुनीच होती, या खेपेला आकडा विचारला नाही. पान उतरलं. पलीकडून ओळीवर ओळी येऊन पडल्या होत्या. सिस्टर? आहात का? सिस्टर, मी अजून थोडा वेळ थांबते.

लाइट गेली होती असं लिहायचं त्यांच्या मनात आलं. बारामतीत कुणीही विश्वास ठेवला असता, रोज दुपारी जातच होती. पण त्यांनी लिहिलं, आहे. नवऱ्यानं बटण बंद केलं होतं. आणि मग पायाळू मुलाचं उत्तर लिहायला घेतलं. ओढायचं नाही. घाई करायची नाही. बाईला खाटेच्या कडेला घ्यायचं, बाळ बेंबीपर्यंत आपणहून उतरू द्यायचं, तोवर आपले हात आवरून बसायचं. हे एकच काम आहे ज्यात मला बसता येतं.

हे लिहीत असताना चादरीखालची बोटं अगदी निश्चल होती. ते त्यांना कळलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरच्यांचं काय म्हणणं आहे?

ताईबाईंनी दाराबाहेर पाहिलं. रामभाऊंनी बोर्डाखाली स्टूल ओढून घेतलं होतं. पायांत चपला तशाच, मांडीवर दळणाची रिकामी पिशवी. पाठ खाटेकडे होती. एक हात वर करून त्यांनी पंजा बटणांवर आडवा धरला होता, कुणी येऊन दाबू नये म्हणून. हात भरून आला की तो खाली घेत आणि दुसरा लावत. कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव नव्हता. त्यांनी तो परत मांडलाच नव्हता.

ताईबाईंनी काडी हातात सरळ केली. मग लिहिलं, नाराज आहेत. पण बटण धरून बसलेत.

पाठवून दिलं. डबीच्या कोपऱ्यात छोटी रेघ हलायला लागली, पलीकडून कुणीतरी लिहीत असलं की हलते तशी. ताईबाईंची बोटं पुन्हा सुरू झाली. खाट कुरकुरली.

"झालं का गं?" रामभाऊंनी मान न वळवता विचारलं. "मीटर पळतंय हितं."

'प्लास्टर कधी निघतंय?' एवढं वाक्य तोवर उमटलं होतं, आणि रेघ अजून हलत होती.

"न्हाय झालं," ताईबाई म्हणाल्या. "बसा अजून."

रामभाऊंनी हात बदलला.