कडेच्या पेट्यांचा मध

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. तिच्या हाताखालून मधाचा नमुना सुटला म्हणजे सुटलाच. मग कुणी बोट ठेवायची सोय नाही. आज मात्र काचेपलीकडे बाकावर सासरे बसले होते आणि टेबलावर त्यांचाच मध होता.

चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर मध स्वच्छ. एकच उमटली, तर मधात औषध, आणि भरलेलं पिंप व्यापाऱ्याकडून परत.

एक रेघ आली. दुसरी आलीच नाही. दुसरी पट्टी तिने मुद्दाम सहकारी मैत्रिणीकडून लावून घेतली. तीही तशीच.

ती बाहेर आली. “बाबा, माश्यांना अँटिबायोटिक दिलं होतं का कधी?”

“काय बोलतेस सूनबाई? मला ताप आला तरी मी गोळी घेत नाही, माश्यांना देईन?”

“पट्टी तसं सांगतेय.”

“म्हणजे पट्टी खरी आणि मी खोटा! तुमच्या लग्नाला घरात एकटा मी हो म्हणालो होतो. विसरलीस?”

तिला ते चांगलंच लागलं. “ते आठवतंय म्हणूनच पट्टी दोनदा लावली.”

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. ती तरी हटेना. “पिंपात कुठल्या पेट्यांचा मध आहे?”

“कडेच्या. यंदा काय बरकत आहे म्हणून सांगू! आसपास एक फूल नाही, पण पेट्यांतल्या चौकटी मधाने काठोकाठ.”

“फूल नाही, तर मध आला कुठून?”

“मेहनती आहेत माझ्या माश्या!”

“कुंपणापलीकडे कुणाच्या पेट्या आहेत?”

“मास्तरांच्या. त्यांच्या माश्या आजारी पडल्या, बिचाऱ्यांनी औषधपाणी…”

वाक्य तिथेच अडकलं. दुबळ्या पोळ्यावर धट्ट्याकट्ट्या माश्या दरोडा घालतात, हे जन्मभर माश्या पाळलेल्या माणसाला कोण सांगणार? त्यांनी कपाळाला हात लावला.

“हे पिंप नापासच, बाबा,” ती हळूच म्हणाली. “दुसरं काही लिहायला माझा हात धजणार नाही. आतल्या पेट्यांचा मध वेगळा काढून आणा, तो तपासू.”

सासऱ्यांनी काचेतून टेबलावरच्या दोन्ही पट्ट्यांकडे पाहिलं.

“लिही मग,” ते उठत म्हणाले. “नापास.”

“मास्तरांना फोन लावून देऊ?”

“फोन कसला? पोरांनी चोरी केली की बापालाच दार ठोठावावं लागतं.”