काठवटीला लावलेलं करंजेल

माझ्या लग्नात आप्पांनी मला भाकरीचं पीठ मळायची काठवट दिली. मुरुमजवळच्या आमच्या शेतातला आंबा वादळात पडला होता, त्याच्याच खोडाची त्यांनी सुताराकडून कोरून घेतली. मग स्वतः जवसाचं तेल लावत बसले. पातळ हात द्यायचा, उन्हात वाळू द्यायचा, मग पुन्हा. वडील म्हणून असे लाड करताना मी त्यांना तेवढंच पाहिलं. "जवस लाकडात वाळतंय, पिठाला वास लागत न्हाय. साल झालं की एक हात देत जा," म्हणाले.

बेंबळीला सासरी साल झालं. निजामाचं राज्य, त्यात लढाईचे दिवस, खायच्या तेलाची मारामार. मी सासूबाईंकडं वाटीभर जवसाचं तेल मागितलं.

"माणसाला न्हाय अन् लाकडाला तेल? करंजेल लाव. नांगराला चालतंय, हिच्या काठवटीला काय धाड भरलीय?"

करंजाचं तेल दिव्यात जाळायचं, पोटात घालायचं नव्हे. म्हटलं, "आत्याबाई, पीठ कडू हुईल." त्यांनी डोळे वटारले. मी मुकाट्यानं लावलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी कडूजहर. सासरे ताटावरून उठले. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरीचा हातच कडू हाय." ते गावभर झालं. राखेनं घासलं, कढत पाणी ओतलं, कडूपणा हटला नाही. काठवट गोठ्यात गेली, म्हशीच्या पेंडीला. म्हशीनंही आधी तोंड लावलं नाही, पण तिचं कोण ऐकतो!

सालाचा हात द्यायचा म्हणून आप्पा जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आले. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं खात नाही, म्हणून बाहेरच टेकले. गोठ्यात काठवट दिसली. त्यांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"करंजेल कुणी लावलं गं, माय?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "तुमच्या लेकीनंच की. विचारा तिला!"

आप्पा संध्याकाळी परत जाणार होते. मला तिथंच राहायचं होतं.

"व्हय आप्पा. म्याच लावलं."

"सांगितलं हुतं की गं," एवढंच म्हणाले आणि उठले. बाटली ओसरीवर राहिली.

सासूबाईंनी त्याच तेलाची वरणाला फोडणी दिली. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. त्या बाईला जाऊन जमाना झाला, माझा राग गेलेला नाही. आप्पाही गेले, लेकीनं आपलं ऐकलं नाही असं समजून.