जेवल्यावर एक गोळी

आमच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये नाव, गाव, वय, तक्रार, सगळ्याला रकाना आहे, किश्शांना नाही. मग ते डोक्यात साठतात आणि तुमच्यासारखं कोणी चहाला बसलं की बाहेर पडतात. मी संग्रामपूरकडे समुपदेशक. माहेर देऊळगाव राजा. जिल्हा एकच, पण बोलणं वेगळं. पहिल्याच दिवशी आमचे शिपाई गजाननभाऊ म्हणाले, "म्याडम, तुमी त जालन्याच्या वाटता!"

* * *

दारावर आधी 'मानसोपचार विभाग' असा ठसठशीत बोर्ड होता. गावातले लोक त्याच्याखाली थांबायला तयार नसत. एक मास्तर तर दातांच्या खोलीपुढे नंबर लावून बसायचे आणि नजर चुकवून आमच्याकडे शिरायचे! सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी माणसं तेवढी बोर्डाखालीच बिनधास्त बसलेली असायची. मला वाटलं, किती मोकळ्या मनाची! गजाननभाऊंनी हवाच काढली.

"मोकळं कायचं, म्याडम? त्यायले बोर्ड वाचता येत नाही न!"

हसलो आम्ही. नंतर माझी मलाच लाज वाटली.

* * *

एक बाई यायच्या, चांगल्या खात्यापित्या घरच्या. झोप नाही, छातीत धडधड. रडत रडत सांगत होत्या, मधेच थांबून म्हणाल्या, "आडनाव काय हो तुमचं?"

सांगितलं. आम्ही बौद्ध, ते आडनावावरून कळतंच. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाकीचं डाक्टरायलेच सांगीन." राग आला मला, खोटं कशाला बोलू!

पुढच्या खेपेला डॉक्टर नेमके रजेवर. बाई आल्या, पाऊण तास रडल्या, माझ्याच बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पुढच्या येळी तुमीच भेटसान न?"

* * *

आमचे डॉक्टर पुण्याचे, तरुण, स्वभावाने अगदी सोनं. ते दर मंगळवारी यायचे. आणि केरसिंग नावाचा एक भिलाला आदिवासी शेतमजूर बायकोला, झुमलीला, घेऊन यायचा तो बाजाराच्या दिवशी! झुमलीची तान्ही मुलगी तापाने गेली होती. तेव्हापासून ती ना जेवायची, ना झोपायची, ना बोलायची. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

गजाननभाऊंनी मोठ्या अक्षरात 'मंगळवार' लिहून कागद दिला. पुढच्या बाजाराला केरसिंग तो कागद नीट घडी करून घेऊन पुन्हा हजर!

"अबे, मंगळवार म्हनून सांगतलं होतं न तुले?"

"जीप बाजाराच्या दिशीच येते, भाऊ."

तीनदा परत पाठवलं त्यांना. आम्हीच पाठवलं, दुसऱ्या कोणी नाही. चौथ्यांदा तो मंगळवारी आला, तिला घेऊन, पायी.

* * *

डॉक्टरांनी फार मायेने विचारलं. झुमली गप्प. केरसिंगचं वऱ्हाडी बाजारहाटापुरतं. शेवटी केसपेपरवर लिहिलं गेलं, 'बोलत नाही.' गोळ्यांची पट्टी दिली आणि वर बजावलं, "रोज एक. जेवल्यावरच!"

पुढच्या खेपेला केरसिंगने पट्टी टेबलावर ठेवली. एकही गोळी फोडलेली नाही! डॉक्टर चिडले. "अहो, दिल्या का नाहीत?"

"ती जेवलीच नाही, सायेब."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आमच्या सफाईवाल्या जानकीमावशी फरशी पुसता पुसता थांबल्या, झुमलीजवळ जाऊन खाली बसल्या आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. आणि झुमली बोलायला लागली! थांबेचना. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"मावशी, तुम्हाला ही भाषा येते? इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"माह्या मायची भाषा हाय, म्याडम. कोनी इचारलंच नाही मले!"

"पण ती म्हणते काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशींनी पदराने नाक पुसलं. "म्हनते, जेवलं का दूध येते. थे आता कोनाले पाजू?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग बराच वेळ त्या दोघी बोलत होत्या, मावशी मधूनमधून आम्हाला सांगत होत्या. त्या गडबडीत गोळ्यांचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. पट्टी तशीच केरसिंगच्या खिशात परत गेली.

* * *

डॉक्टरांनी वर भांडून ओपीडी बाजाराच्या दिवशी करून घेतली. जानकीमावशींसाठी खुर्ची आणली, पण त्या काही बसेनात. "राहू द्या जी, मी खालीच बरी." मग डॉक्टरच खाली सतरंजीवर बसायला लागले. दर बाजाराला झुमली येई, मावशींशी बोले, कधी नुसतीच मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून राही. मला वाटे, पोर हातची जाते की काय!

आणि एका बाजाराला केरसिंग आला, खिशातून ती पट्टी काढून त्याने डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी ती खिडकीकडे धरून पाहिली, माझ्याकडे दिली. गजाननभाऊंनी माझ्या हातातून ओढून घेतली, उलटीपालटी केली आणि अख्खा दवाखाना ऐकेल असे ओरडले, "एक कमी हाय, सायेब! एक गोळी कमी हाय!"