अकरा ‘ए’ची फाइल

पत्रकाराला किस्से जमवावे लागत नाहीत. ओल्या भिंतीला शेवाळ धरावं तसे ते अंगाला धरतात. पुढाऱ्यांचे किस्से मी हसत सांगतो. आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे सांगताना मात्र आजही दात आवळले जातात.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात आमचं सायंदैनिक होतं. कॉम्प्युटर तीन आणि पानं लावायला एकटे रफिकभाई. मालकांनी एक सॉफ्टवेअर आणलं. ते म्हणे व्हायरस शोधणार, कचरा काढणार, मशीन पळवणार! स्कॅनिंगची वेळ कंपनीनंच ठरवलेली, रोज दुपारी बारा. का, तर बाराला लोक जेवायला जातात.

आमचं पान एक वाजता छपाईला जायचं! पहिल्याच दिवशी बाराच्या ठोक्याला तिन्ही मशीन गोगलगाय झाली. रफिकभाई ओरडले, "ऐन मुहूर्ताला नवरदेव आंघोळीला बसला की ओ!"

थांबवायचं बटण होतं. चार खिडक्या उघडल्यावर सापडायचं. आणि स्कॅन चालू असताना ते दाबलंच जात नव्हतं.

*

तेव्हाचं मराठी टायपिंग फॉन्टच्या करामतीवर चालायचं. फॉन्ट नसला की अख्ख्या बातमीचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा व्हायचा. एका दुपारी सॉफ्टवेअरनं आमचा फॉन्टच संशयित म्हणून कोंडून टाकला.

संपादकसाहेब अग्रलेख तपासायला बसले. दोन मिनिटं पडद्याकडे बघून म्हणाले, "रफिकभाई, हे कुणी लिहिलंय?"

"तुम्हीच की, साहेब!"

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "सर, ही भाषा तुम्ही नेहमी वापरता का?"

"जन्मापासून!" म्हणालो आणि फोन आपटला.

*

आमच्या ऑफिसात एक रीत होती. फाइल यादीत सगळ्यात वर दिसावी म्हणून नावाच्या सुरुवातीला ‘ए’ टाकायचा. बातमी जितकी मोठी, तितके ‘ए’ जास्त. महापालिकेच्या पाणीपुरवठ्याला एक, आमदाराला तीन. संपादकसाहेब स्वतःच्या अग्रलेखाला पाच लावायचे!

अकरा ‘ए’ एकाच फाइलला लागले. ती कांबळेची.

कांबळे गारगोटीचा, माझ्या हाताखाली तयार झालेला. गडमुडशिंगीच्या शांताबाईंचा नवरा एका फाउंड्रीत भट्टीजवळ भाजला आणि पंधरा दिवसांनी दवाखान्यात वारला. कारखाना म्हणाला, अपघाताच्या आधीच त्यानं काम सोडलं होतं, भरपाई कसली? शांताबाईंकडे त्या दिवसाच्या हजेरीचा कागद होता. कारखान्याच्या साहेबानं तो ‘बघू’ म्हणून घेतला आणि परत दिलाच नाही. पण त्याच्या आधी कांबळेनं तो आमच्या स्कॅनरवर घेऊन ठेवला होता. तेवढाच पुरावा उरला.

"दादा, नाव काय देऊ?" कांबळेनं मला विचारलं.

"ए दाबून धर," मीच म्हणालो.

फ्लॉपीत ती फाइल मावत नव्हती. प्रिंट कामगार कोर्टातल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी काढू, असं ठरलं. तारखा पडत राहिल्या आणि तीन महिने फाइल कुणी उघडली नाही.

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी कांबळेनं मशीन चालू केलं. यादीत सगळ्यात वर संपादकसाहेबांचा अग्रलेख.

सॉफ्टवेअर दर शुक्रवारी दीडला साफसफाई करायचं. तीन महिने न उघडलेली, नावात एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलेली फाइल म्हणजे चुकून दाबलेल्या बटणाचा कचरा, असा त्याचा हिशोब. कचरापेटीतही ठेवली नव्हती. वर पडद्यावर हिरवी पाटी: अभिनंदन! तुमचा कॉम्प्युटर आता स्वच्छ आहे.

रफिकभाई खुर्चीत बसूनच राहिले. "शुक्रवारी दीडला मी नमाजाला गेलतो, साहेब. मी हितं असतो तर..."

कांबळेनं चपला चढवल्या. त्याला शांताबाईंना सांगायचं होतं.

*

मी कंपनीला असं पत्र लिहिलं की त्यांचा इंजिनिअर स्वतः आला. तरुण, नम्र, वही घेऊन. मी त्याला तासभर झोडपलं. "पुसू नका, बाजूला ठेवा. महिनाभर ठेवा. माणूस कामात असेल तेव्हा गप्प बसा. दुसऱ्याचं घर झाडताना कागद उचलून विचारतात, हा ठेवायचा का? एवढी अक्कल आमच्या झाडूवालीला आहे!"

तो सगळं लिहून घेत होता. तेवढ्यात शांताबाई आल्या. कागद नव्हता म्हणून सुनावणी पुढं ढकलून मिळाली होती, एकदाच. कागद परत येतोय का, हे विचारायला त्या गेले वीस दिवस रोज येत होत्या.

इंजिनिअरनं उठून त्यांना खुर्ची दिली. म्हणाला, "मावशी, फाइल परत येणार नाही. पण आम्ही न विचारता पुसत नाही. आधी पडद्यावर ‘पुसू का?’ अशी खिडकी येते. तीस सेकंद थांबतो. कुणी नको म्हणालं नाही, तर होकार धरतो."

शांताबाई बसल्या नाहीत.

"आमचा मानूस दवाखान्यात पडल्याला," त्या म्हणाल्या, "तवा गेटवर कागद चिकटवला. कामावर का न्हाईस, आठ दिसांत जबाब दे म्हून. त्यो कसा देनार? मग मागची तारीख घालून लिवलं, ह्येनं सवताहून काम सोडलं."

त्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं.

"पावणं, तुमी त्याच कारखान्यातलं काय?"