फिलोमेन काय म्हणाली होती

ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही — खरं सांगायचं तर प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेत मी तिच्या आसपास घोटाळते आणि दुसरंच काहीतरी मागून उठते. मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या चर्चच्या मंडळीत मराठी वाचणारं कोणी नाही. म्हणजे बघा — कबूल करतानाही मी आधी दार लावून घेतलं.

मी पेती राफ्रे गावची; आमच्या या बेटावर मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या आहेत. वडील गावच्या पोरांना संध्याकाळी मराठी शिकवायचे. मी जवळच्या गुडलँड्सला शिक्षिका झाले आणि तिथल्या एका लहानशा इव्हँजेलिकल चर्चमध्ये जाऊ लागले. ऐंशी सालच्या आगेमागे बाप्तिस्मा घेतला. वडील एवढंच म्हणाले, "आता तिकडचीच हो." मी खोली भाड्याने घेतली, आणि ते पत्र्याचं सभागृह, ती माणसं — एवढंच माझं माहेर उरलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. की सांगते आहे?

फिलोमेन माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, स्वेटरच्या कारखान्यात कामाला. मंडळीत बायकांना 'सेर' म्हणत, म्हणजे बहीण. म्हणून ती सेर फिलोमेन. गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेत ती क्रेओलमध्ये, आमच्या बेटाच्या रोजच्या बोलीत, बोलायला लागली की कडेवरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. पण रविवारी तिचं काम काय? फरशी पुसणं, फुलं लावणं. उपदेश पुरुषांनी करायचा, मंडळीचा कारभार पाहणारं वडील मंडळ पुरुषांनी निवडायचं. फिलोमेनने आणखी तिघींना गोळा केलं. आम्हालाही उपदेश करू द्या, मंडळात आमचंही मत घ्या — असं त्या दोन वर्षं मागत होत्या. मी त्यांच्यातलीच होते. बायबलातली वचनं त्यांना मीच शोधून द्यायची. आमच्या पास्तेरचं, म्हणजे पाळकांचं, उत्तर ठरलेलं — बायकांनी मंडळीत गप्प राहावं, असं लिहिलंय.

मग परदेशातून मोठे पास्तेर भेटीला आले. त्यांना फक्त इंग्रजी यायचं. फिलोमेन म्हणाली, आपण थेट यांनाच भेटू, आपल्या पास्तेरशिवाय. मिस, तू इंग्रजीत सांग. मी शिक्षिका, म्हणून ती मला मिसच म्हणायची.

बुधवारी दुपारी सभागृहामागच्या खोलीत आम्ही पाचजणी आणि ते. मी आधी त्यांचं स्वागत केलं, तर ते म्हणाले, किती सुंदर इंग्रजी बोलता! अशी मुलगी या मंडळीचं भूषण आहे. मला — कसं सांगू — इतकं बरं वाटलं. वर्षभरात माझं कोणी कौतुक केलं नव्हतं.

फिलोमेन उभी राहिली. हात पोटाशी घट्ट धरलेले, पण आवाज स्थिर. म्हणाली, देवाने मला बोलायला दिलंय, ते मी लपवून ठेवू का? या रविवारी मला व्यासपीठावरून बोलू द्या. आणि वडील मंडळ निवडताना आमचे हात मोजा.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

हे यांना आवडलं नाही तर? मलाही या बायकांतलीच बंडखोर समजले तर? मग मी कुठे जाणार? आणि मी इंग्रजीत म्हणाले — या भगिनींना मुलांच्या रविवारच्या वर्गात बोलण्याची इच्छा आहे, तुमची परवानगी हवी.

त्यांचा चेहरा खुलला. "येस, येस, ग्लॅडली!"

येस कोणाला कळत नाही? बाकीच्या तिघीजणी रडायला लागल्या. फिलोमेनने त्यांचे हात धरले. ते विचार करून सांगतील, असं मी म्हणू शकले असते का? बहुधा नाही.

बुधवार ते रविवार — चार दिवस होते. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थांबायचा. शुक्रवारी ठरवलं, सांगायचंच, आणि तिच्या घरी गेले. तिने व्हॅनिलाचा चहा केला. पांढरा झगा इस्त्री करून दाराला टांगला होता. मग तिने उपदेश वाचून दाखवला — प्रभूची रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, त्यावर होता. "बरा आहे ना, मिस?" मी म्हणाले, छान आहे. एक वाक्य सुधारूनही दिलं. आणि बस पकडून परत आले.

रविवारी दुसरं गीत संपलं आणि ती उठून व्यासपीठाकडे चालू लागली. आमच्या पास्तेरनी तिचं कोपर धरलं. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मोठ्या पास्तेरनी हो म्हटलंय." त्यांनी पाहुण्यांना इंग्रजीत विचारलं. पाहुणे गोंधळले — नाही, नाही, मुलांच्या वर्गाचं बोलणं झालं होतं. मग पास्तेर माझ्याकडे वळले. "मिस, तुम्ही तिथे होतात. काय ठरलं होतं?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. फिलोमेनही — ती तर निश्चिंतपणे बघत होती.

मी म्हणाले, "मुलांच्या वर्गाचं."

ती खाली येऊन बसली. देवाच्या घरात खोटं बोलली म्हणून तिचं प्रभुभोजन, म्हणजे रविवारची भाकर आणि द्राक्षरस, बंद केलं — पश्चात्ताप करेपर्यंत. तिला कशाचा पश्चात्ताप करायचा तेच कळेना. दोन महिन्यांनी ती यायची बंद झाली. बाकीच्या तिघी पुन्हा फुलं लावू लागल्या. मला मुलांच्या वर्गाची प्रमुख केलं. मी ते काम घेतलं.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही — अजून एक आहे.

वर्षभराने गुडलँड्सच्या बाजारात ती भेटली. मी वळून जाणार होते, पण तिने हाक मारली. राग नव्हता, त्याचाच तर त्रास. माझा दंड धरून हळू विचारलं, "मिस, एक खरं सांग. त्या बुधवारी मी नीट बोलले नाही का? घाबरून काही भलतंच बोलले का? बाकीच्या म्हणतात, नाही. पण इंग्रजीत काय गेलं, ते त्यांना कुठे कळतं?"

एवढं सोपं करून दिलं होतं तिने. दोन वाक्यं पुरली असती.

मी म्हणाले, "हो, सेर. जरा गडबडलीस तू. मला नीट कळलं नाही."

तिने मान डोलावली. म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि पुढे म्हणाली, बरं झालं, तू निदान खरं सांगितलंस.

त्यानंतर ती गावातल्या दुसऱ्या एका मंडळीत जायची, असं ऐकलं. तिथे बायकांना बोलायला मुभा होती. बोलतेस का, असं तिला पुष्कळदा विचारलं म्हणे. ती उठायची नाही. म्हणायची, मला बोलता येत नाही.